नाशिक-सिन्नरच्या शिल्पकारांचं प्रदर्शन: २६ शिल्पं, पहिल्या मजल्यावरचं दालन, मांडणी कशी बसवावी?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरअखेर जिल्ह्यातल्या नऊ शिल्पकारांचं एकत्र प्रदर्शन एका संग्रहालयात भरवायचं आहे, चार आठवड्यांसाठी. शिल्पकार नाशिक शहर, सिन्नर, येवला आणि त्र्यंबक भागातले. दालन पहिल्या मजल्यावर आहे: १२ × ८ मीटर, छत ३.६ मीटर उंच, आरसीसी स्लॅब. लिफ्ट नाही. जिना १.३ मीटर रुंद, मध्ये एक वळण. तळमजल्यावर दाराजवळ ५ × ४ मीटर मोकळी जागा मिळू शकते.

यादीत २६ कामं आलीत: काळा पाषाण ३, ब्राँझ ६, फायबर (म्हणजे फायबरग्लास) ७, प्लास्टर ४, टेराकोटा ३, लाकूड २ आणि सिमेंटमधलं एक उठावशिल्प. सगळ्यांचे फोटो आले आहेत.

सुताराने सरसकट ३५ × ३५ सेंमी, ११० सेंमी उंच अशा २५ पेडेस्टलचा (शिल्प ठेवायच्या चौथऱ्यांचा) भाव दिलाय. दालनात सध्या ट्यूबलाइट आहेत. विचारायचं एवढंच, की २६ कामं बसतील का, ही पेडेस्टल चालतील का, आणि उजेडाचं काय करावं? काचेच्या पेट्या लागतील का? आणखी काही सुटत असेल तर तेही सांगा.

टाकीघण

फोटो आले म्हणता, वजनं आली का? चित्रप्रदर्शनात फोटोवरून काम भागतं, शिल्पात नाही. प्रत्येक शिल्पकाराकडून पाच आकडे लेखी घ्या: उंची, रुंदी, खोली, वजन आणि बैठकीचं माप. बैठकीचं माप बहुतेक जण देत नाहीत आणि पेडेस्टल नेमकं तिथेच चुकतं.

वजन माहीत नसेल तर अंदाज काढता येतो. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, घनमीटरला साधारण २.९ टन. ९० × ४० × ३० सेंमीचा दगड म्हणजे ०.१०८ घनमीटर, अखंड असताना ३१३ किलो. कोरून साठ टक्के उरला असं धरलं तरी १९० किलो. हे काम ५० × ५० च्या पेडेस्टलवर ठेवलंत की पेडेस्टलसकट २५० किलो पाव चौरस मीटरवर, म्हणजे चौरस मीटरला एक टन. स्लॅबची क्षमता इमारतीच्या अभियंत्याकडून लेखी घ्या. तो ४०० किलो म्हणाला तर हाच भार १ × १ मीटरच्या लाकडी किंवा लोखंडी तळावर पसरवून तुळईजवळ ठेवता येतो. पण तुमच्याकडे तळमजला आहे, मग तीनही पाषाणशिल्पं खालीच ठेवा. वळणाच्या जिन्यावरून १९० किलोचा दगड चढवणं म्हणजे सहा माणसांची कंबर, आणि दगडाचं नाक गेलं तर ते परत येत नाही.

खालीसुद्धा उचलताना साखळी लावू नका. एक टनाचा नायलॉन पट्टा, चेनपुली आणि तिकटी (तीन पायांचा उभा सांगाडा). पट्टा बैठकीखालून घ्यायचा, हात, मान, प्रभावळ यांना कधीच नाही. दगड आणि पेडेस्टल यांच्यामध्ये ६ मिमी रबर शीट. काळी रबर फिकट रंगाच्या दगडावर डाग सोडते, पांढरी घ्या.

सुती हातमोजे मागवू नका. गुळगुळीत दगडावर आणि पॉलिश केलेल्या ब्राँझवर ते घसरतात. नायट्राइलचे घ्या. दगडासाठी स्वच्छ धुतलेले, कोरडे हात चालतात.

दगडकाम करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, मांडणीच्या आदल्या दिवशी तेल लावायचं नाही. काळाभोर दिसावा म्हणून खोबरेल किंवा इंजिन ऑइल चोळायची सवय आहे. दोन दिवसांत तेल पेडेस्टलच्या पांढऱ्या रंगात उतरतं आणि धूळ चिकटून दगड करडा दिसायला लागतो.

तिरपा उजेड

जागेचं बोलतो. चारी बाजूंनी बघायच्या शिल्पाला ५० सेंमीचं पेडेस्टल आणि दोन पेडेस्टलमध्ये १.५ मीटर, म्हणजे एका कामाला २ × २ मीटर. दीड मीटर एवढ्यासाठी, की व्हीलचेअर तेवढ्यात वळते आणि मागे सरकणारा माणूस मागच्या शिल्पाला पाठ लावत नाही. ९६ चौरस मीटरातून दार, आणीबाणीची वाट आणि प्रस्तावनेच्या फलकासमोरची जागा धरून पंचवीसेक चौरस मीटर वजा करा. उरलेल्या जागेत १७ कामं मोकळी उभी राहतात. पाषाण खाली गेला की २३ उरतात. त्यातलं उठावशिल्प भिंतीवर जाईल, तीन टेराकोटा एकाच लांब बैठकीवर, आणि ज्या कामांची पाठ कोरलेली नाही अशी तीन-चार भिंतीलगत. राहिली पंधरा. बसतात. २६ च्या २६ वर नेली असती तर गोदाम झालं असतं.

उंची सरसकट ११० नको. माणसाची नजर जमिनीपासून साधारण १५० सेंमीवर असते. व्यक्तिशिल्पाचे डोळे १४५ ते १५५ मध्ये आणा. ६० सेंमीचा अर्धपुतळा असेल तर डोळे बैठकीपासून चाळीसेक सेंमीवर, मग ११० बरोबर. ७५ सेंमीची उभी आकृती मात्र ९० वर शोभते. बसलेली, पसरलेली, वरून बघायची कामं ६० ते ७० वर. मुलांनाही तीच दिसतात.

ट्यूबलाइट पूर्ण बंद करा, अर्धवट नाही. वरून सपाट उजेड पडला की डोळ्यांच्या खोबणी आणि हनुवटीखालची सावली दोन्ही जातात, शिल्पाचा फोटो होतो. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिरात सकाळी नऊला जा आणि दुपारी बाराला जा, एकाच मूर्तीचं तोंड वेगळं दिसतं. दालनात आपल्याला हवी ती वेळ कायमची धरून ठेवता येते.

ट्रॅक (दिवे अडकवायची छताजवळची पट्टी) ३.४ मीटरवर धरा. शिल्पाचा मध्य १.५ वर, फरक १.९ मीटर. मुख्य दिवा एका बाजूने, उभ्या रेषेपासून ३० ते ४५ अंश, म्हणजे शिल्पापासून आडवं १.१ ते १.९ मीटर दूर. १२ ते १५ वॅट एलईडी, ३००० केल्विन (उबदार पिवळसर उजेड), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा निर्देशांक) ९० च्या वर, झोत २४ अंशांचा. दुसऱ्या बाजूने ३६ अंशांचा रुंद दिवा, मुख्य दिव्याच्या एक तृतीयांश तेजाचा, सावली काळीठिक्कर पडू नये म्हणून. दोन्ही सारखे ठेवलेत तर पुन्हा ट्यूबलाइटच.

काळ्या रंगाच्या कामांना मुख्य दिवा दुप्पट लागतो, पांढऱ्या प्लास्टरला निम्मा. प्लास्टर आणि ब्राँझ शेजारीशेजारी ठेवली तर प्लास्टर डोळ्यात घुसतं आणि ब्राँझ बुडतं. वेगवेगळ्या भिंतींकडे द्या.

उठावशिल्पाचं गणित उलटं आहे. दिवा भिंतीजवळ, अर्धा ते पाऊण मीटरवर, म्हणजे उजेड भिंतीवरून घासत येतो आणि दोन सेंमीचा उठाव चार सेंमीचा वाटतो. फक्त भिंतीचं प्लास्टर ओबडधोबड असेल तर तेही तितकंच उठून दिसतं. आधी भिंतीला लांबी (पुट्टी) भरून घ्या.

आणि दिवे शिल्प जागेवर आल्यानंतर लावा, आधी नाही. नकाशावर बरोबर दिसलेला दिवा प्रत्यक्षात समोरच्या माणसाच्या डोळ्यात जातो. दोघांनी मिळून एक पूर्ण संध्याकाळ याला राखून ठेवा.

टाकीघण

पेडेस्टलच्या रुंदीचं राहिलं. ३५ × ३५, ११० उंच, वजन २५ किलो. त्यावर ३० किलोचा ब्राँझ अर्धपुतळा. एकत्र गुरुत्वमध्य जमिनीपासून एक मीटरवर येतो आणि अर्धी रुंदी फक्त साडेसतरा सेंमी. दीड मीटर उंचीवर साडेसहा किलोचा जोर लागला की कलंडतं. शाळेची सहल आली की हा जोर पहिल्या पाच मिनिटांत लागतो.

४५ × ४५ करा आणि तळात ६० किलो वाळू पिशव्यांत भरून ठेवा. गुरुत्वमध्य ५५ सेंमीवर येतो आणि ढकलायला १८ किलोचा जोर लागतो. वाळू सुटी टाकू नका. फटीतून गळते आणि काढताना दालनाचं अंगण होतं.

आत १८ मिमी बीडब्ल्यूआर (ओल सहन करणारा) प्लाय, ४० × ४० मिमी एमएस बॉक्सचा (लोखंडी चौकोनी नळीचा) सांगाडा, खाली ७ सेंमीची आत घेतलेली पट्टी म्हणजे पोछा लागून रंग जात नाही. रंग मॅट. रंगवल्यावर किमान दोन आठवडे उघड्यावर सुकू द्या, नाहीतर शिल्पाची बैठक चिकटते आणि उचलताना रंगासकट येते.

गोदाकाठ

फार उपयोगी. एक शंका. पंधरा पेडेस्टलमध्ये ६० किलो वाळू म्हणजे ९०० किलो नुसतं ओझं पहिल्या मजल्यावर. दगड खाली नेऊन जे वाचवलं ते वाळूने भरून काढल्यासारखं नाही का होत?

ओतशाळा

शंका बरोबर आहे. टाकीघण यांचं गणित तळमजल्यासाठी ठीक. वर दुसरा उपाय आहे: पेडेस्टलखाली ६० × ६० सेंमी, ८ मिमी जाडीची लोखंडी पाटी, चार बोल्टने सांगाड्याला आवळलेली. पाटीचं वजन सुमारे साडेबावीस किलो. पेडेस्टल ४५ चंच. गुरुत्वमध्य ७० सेंमीवर येतो, पण अर्धी रुंदी ३० होते, आणि ढकलायला साडेसोळा किलोचा जोर लागतो. वाळूपेक्षा थोडा कमी, पण प्रत्येकी ३७ किलो वाचले, आणि तोच भार मोठ्या जागेवर पसरला. पाटीची कड साडेसात सेंमी बाहेर येते, तिला पाय अडखळतो. म्हणून तिच्यावर १० सेंमी उंच लाकडी पायरी बसवा किंवा पाटी जमिनीपेक्षा ठळक वेगळ्या रंगाने रंगवा. प्लाय आणि पाटी नुसती चिकटवली तर उपयोग शून्य, बोल्टच हवेत.

वाळू फक्त फायबरसाठी ठेवा. फायबरचं कवच ४ ते ६ मिमी, पूर्णाकृती चेहऱ्याचा अर्धपुतळा पाच-आठ किलोचा. तो पेडेस्टलवरून पडतो तो धक्क्याने नाही, ओढणीने. आत पोकळीत पाच किलोची एक पिशवी आणि बैठकीतून १० मिमीचा एक बोल्ट.

आता एकेका पदार्थाचं.

प्लास्टर: पाणी अजिबात नाही, ओला कपडासुद्धा नाही. मऊ ब्रश आणि शेजारी धरलेला व्हॅक्युम, एवढीच सफाई. आत लोखंडी सळीचा सांगाडा असतो, त्याला पावसाळ्यात दमट हवा लागली की गंज फुगतो, आधी तपकिरी डाग येतो आणि मग त्याच रेषेत भेग. डाग दिसला तर ते काम उचलण्याआधीच शिल्पकाराला दाखवा. अशा सळीवर भरवसा ठेवून हात धरला की हात हातात येतो. तुम्ही नोव्हेंबर निवडलात ते चांगलं, हवा कोरडी असते.

पण तोच कोरडेपणा लाकडाला मानवत नाही. शिल्प दमट कोठीतून थेट हॅलोजनच्या झोतात आलं की आठवड्यात चिरा दिसतात. एलईडीच ठेवा आणि लाकूड पंख्याच्या वाऱ्यात नको. दोन्ही लाकडी कामं इतरांपासून वेगळी, काळ्या कागदावर, कागदासकट प्लास्टिकमध्ये गुंडाळून तीन आठवडे ठेवा. कागदावर पिठासारखी भुकटी पडली तर सुतारकीड जिवंत आहे. तशी कामं दालनात आणू नका, पेडेस्टलच्या प्लायलाही ती सोडत नाही.

ब्राँझ: बोटांचा घाम पॅटिनावर (ब्राँझच्या पृष्ठभागावर आणलेल्या रंगाच्या थरावर) ठसा सोडतो, आठ दिवसांनी तो ठसा हिरवट-काळा होतो आणि मग मेणानेही जात नाही. मांडणीआधी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात देऊन मऊ कापडाने पुसून घ्या. ब्रासो, चिंच, पितांबरी यांतलं काहीही जवळ येऊ देऊ नका. आपल्याकडे तांब्यापितळेची भांडी घासायची परंपरा मोठी, सफाईवाल्या मावशींनी प्रेमापोटी एका सकाळी पॅटिना घासून काढलं तर दोष त्यांचा नाही, न सांगणाऱ्याचा.

टेराकोटा: यालाच काच लावा, बाकी कशाला नाही. तीन कामांवर मिळून एक ५ मिमी अॅक्रिलिकची पेटी पुरे. काच ब्राँझवर घातलीत तर प्रतिबिंबच दिसतं. भाजलेली माती समजून कच्ची शाडू येत नाही ना ते बघा. नखाने तळाशी हलकं खरवडलं की कळतं. कच्च्या मातीचं काम चार आठवडे टिकेल, परतीचा प्रवास करणार नाही.

आणि एक अगदी आपल्याकडचं. यादीत गणपती, विठ्ठल, देवी असेल तर तिसऱ्या दिवशी पायाशी नाणी आणि कपाळाला कुंकू असणार. प्लास्टरमध्ये कुंकू शोषलं जातं, निघत नाही. दोरीने भागत नाही, दोरीवरून हात जातो. मूर्ती रुंद पायरीच्या मध्यावर ठेवा, चारी बाजूंना किमान ६० सेंमी सुटेल अशी, म्हणजे हात सहज पोचत नाही, आणि रखवालदाराला ‘हात लावू नका’ ऐवजी ‘ही पूजेतली मूर्ती नाही, कलाकृती आहे’ असं सांगायला शिकवा. लोक ऐकतात.

उलट एक फायबर किंवा ब्राँझ काम मुद्दाम हात लावायला ठेवता आलं तर ठेवा, शिल्पकाराच्या लेखी संमतीने. अंध प्रेक्षकांना दुसरा मार्ग नाही, आणि इतरांची हात लावायची खाजही तिथेच भागते.

नोंदवही

कागदपत्रांचं कोणीच बोललं नाही, म्हणून थोडक्यात.

प्रत्येक काम आत येताना स्थितीपत्रक. फोटो आठ दिशांनी, दर ४५ अंशांना एक, शिवाय बैठकीचा तळ. जुने ओरखडे, टवके, डागडुजी लिहायची आणि शिल्पकाराची सही घ्यायची. परत देताना हेच पत्रक, हेच फोटो. हे नसेल तर टवका प्रदर्शनात पडला की टेम्पोत, यावर महिनाभर वाद चालतो. विमा शिल्पकाराच्या घरातून निघाल्यापासून परत घरात ठेवेपर्यंतचा घ्या, फक्त दालनापुरता नको. मोडतोड वाहतुकीत जास्त होते.

गुंडाळताना वर्तमानपत्र नको, शाई प्लास्टरवर उतरते. बबल रॅप थेट अंगाला नको, मेण लावलेल्या ब्राँझवर फुग्यांचे गोल उमटतात. आधी धुतलेली मलमल, मग फोम, मग बबल रॅप.

छायाचित्रांची परवानगी वेगळी घ्या. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचा फोटो छापायला मुभा आहे, तुमचं प्रदर्शन चार आठवड्यांचं, ती मुभा इथे लागू पडत नाही. शिल्पकार हयात नसेल तर वारसांची संमती, कारण हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. आणि कोणी ‘आजोबांची आहे’ म्हणून जुनी दगडी मूर्ती आणली तर थांबा. शंभर वर्षांवरचं शिल्प १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं, नोंदणी प्रमाणपत्र बघितल्याशिवाय आत घेऊ नका.

नामफलकावर पदार्थ खरा लिहा. फायबरला ब्राँझचा रंग दिला की ते ब्राँझ होत नाही. ‘फायबरग्लास, ब्राँझ रंगलेप’ असं लिहायला संकोच कसला? माप उंची × रुंदी × खोली याच क्रमाने, सेंमीत. ब्राँझच्या एकाहून जास्त प्रती असतील तर प्रत क्रमांकही. देवनागरी अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको, मात्रा-वेलांट्या दुरून मिसळतात. ओतकाम कोणी केलं तेही लिहा. ओताऱ्याचं नाव फलकावर नसतं, ही आपल्याकडची जुनी कंजुषी आहे.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. पाषाण खाली, वर पाटीची पेडेस्टल, एवढं नक्की झालं. प्रस्तावनेच्या फलकावर वाद आहे. काहींना पांडवलेणीपासून सुरुवात हवी, काहींना शिल्पकार राम सुतारांपासून. आणि प्लास्टरची कामं ‘कच्ची’ म्हणून गाळावीत असाही एक सूर आहे.

नोंदवही

राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. खानदेशचा माणूस नाशिकच्या फलकावर ओढून आणायची गरज नाही. पांडवलेणीची २४ लेणी आणि गोंदेश्वर एका परिच्छेदात घ्या, तेही याच काळ्या दगडामुळे, आणि खालच्या तीन पाषाणशिल्पांशी जोडून. मग थेट हे नऊ जण. लोक फलकावर दीडशे शब्दांपुढे वाचत नाहीत.

प्लास्टर गाळू नका. शिल्पकार गणपतराव म्हात्रे यांचं ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प १८९६ चं, ते प्लास्टरमध्येच गाजलं. शिल्पकार नानासाहेब करमरकरांनी अलिबागजवळच्या सासवण्याला सिमेंटमध्ये केलेली म्हैस बघायला लोक अजून अलिबागची वाट धरतात. तुमच्या सिमेंटच्या उठावशिल्पाला फलकावर हा संदर्भ चालेल.

टाकीघण

शेवटचं, तळमजल्याबद्दल. इमारत जुन्या नाशकात नदीच्या बाजूला असेल तर पुढचं प्रदर्शन पावसाळ्यात ठरवू नका. दुतोंड्या मारुतीच्या (गोदापात्रातल्या, पुराची पातळी ज्यावरून मोजतात त्या मूर्तीच्या) कमरेला पाणी लागलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात, तुम्हाला १९० किलोचा दगड चढवता येणार नाही. रंगपंचमीच्या आठवड्यात टेम्पो बोलावू नका, रहाडींमुळे (रस्त्यातल्या रंगाच्या हौदांमुळे) गल्ल्या अडतात. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात स्नानाच्या दिवसांत तर विचारच नको.

जिन्याच्या वळणाचं माप अजून आलेलं नाही. ब्राँझचं सगळ्यात मोठं काम खोक्यासकट किती होतं ते सांगा. त्याच मापाचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका करून आधी जिन्यावरून फिरवून बघा.

गोदाकाठ

सगळ्यात मोठं ब्राँझ ११० × ६० × ५५ सेंमी, खोक्यासकट १३० × ८० × ७५. उद्या पुठ्ठा घेऊन जातो.